डेक बंद असताना सोडलेला फुगा

प्रज्ञा,

आधी तुझ्यावर रागावून घेतो, रडायचं ते नंतर. दोन्ही एकदम मला जमत नाही.

तुला जाऊन पंधरवडाही झाला नाही आणि लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलायला लागलेत की ऐकवत नाही. शोकसभेत एकाने तुला मृदुभाषी म्हटलं. तुला! रेल्वे कॉलनीच्या नळावर जिने दगड मारून माझी भुवई फोडली आणि वर माझ्याच आईकडे जाऊन माझीच तक्रार केली, ती मृदुभाषी. मागच्या रांगेत बसून मला हसू फुटलं आणि त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते समजलं नाही. शेजारच्याने पाण्याची बाटली पुढे केली तर ती मी त्याच्या हातातून उडवली. लोकांनी मला बाहेर नेऊन पायरीवर बसवलं. तू असतीस तर तूही एक ठेवून दिली असतीस.

आपल्या दोघांचे बाप वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात, आपण दोघं एकाच वर्गात, एकाच विषयाच्या मागे, आणि शेवटी एकाच कामात. रायपुरात राहून समुद्राच्या वाऱ्याचा अभ्यास कसला करता, असं लोक विचारायचे तेव्हा मी हसून विषय बदलायचो. तू भडकायचीस. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर जे वारं गरगरायला लागतं ते ओडिशा ओलांडून आपल्याच डोक्यावर येऊन कोसळतं, तुमच्या घरात शिरतं ते पाणी तिथलंच असतं, असं त्यांना दरडावून सांगायचीस. विचारणारा बिचारा चहा अर्धा टाकून निघून जायचा.

काम तसं सांगायला सोपं. रबरी फुग्यात हेलियम भरायचा, खाली लांब दोऱ्याला एक छोटी डबी बांधायची आणि सोडून द्यायचा. फुगा चढत जातो, डबी हवेचा दाब, उष्णता, ओल आणि स्वतःचा ठावठिकाणा कळवत राहते. वारा फुग्याला जिकडे ओढत नेतो त्यावरून वारा कळतो. खूप उंचावर फुगा फुटतो आणि डबी समुद्रात पडते. तू जहाजाच्या मागच्या डेकवरून फुगे सोडायचीस आणि त्यांचे आकडे उपग्रहावरून इथे माझ्या टेबलावर यायचे. त्यातले खरे कोणते आणि खोटे कोणते हे ठरवणं माझ्याकडे होतं. खोटे मी कापायचो, म्हणून तू मला कात्री म्हणायचीस. चारचौघांत म्हणायचीस, आणि मला ते अजिबात आवडायचं नाही.

आपलं सगळं भांडण एका नियमावरून. फुगा खाली यायला लागला की तो फुटला असं धरायचं आणि उड्डाण तिथेच बंद करायचं. जहाजावरच्या आकडे टिपणाऱ्या यंत्रात तशी आपोआप बंद व्हायची सोयच आहे, ती चालू ठेवावी हा आग्रह माझा. चांगल्या हवेत त्यावर वाद नव्हता. वाद होता तो काळ्या ढगाखाली सोडलेल्या फुग्यांचा. ते थोडे चढायचे आणि मग घसरायला लागायचे. तू म्हणायचीस की ढगातून थंड हवा दाणकन खाली आदळते, ती फुग्याला दाबते, जरा दम धरलात तर तो पुन्हा वर जाईल. मी म्हणायचो की वादळात घाईघाईने भरलेला फुगा आहे, डेकच्या कठड्याला घासलेला आहे, गळतोय. यंत्र तर घसरण सुरू होताच बंद व्हायचं. म्हणजे वर्षानुवर्षं आपण अशा गोष्टीवरून एकमेकांचे गळे धरले जिचा पुढचा भाग कोणी पाहिलाच नव्हता.

"तुम्ही लोक मान्सूनचे केस विंचरून मंग त्याचा फोटो काढून राहिले," हे तू भर बैठकीत म्हणाली होतीस. आपल्या साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मीही त्यांच्या बाजूने बोललो, कारण मला तेव्हा तेच बरोबर वाटत होतं. तू टेबलावर मूठ आपटलीस आणि काचेचा पेला फुटला. हाताला चिंधी बांधून तू पुढचा तासभर तोच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडत राहिलीस.

आणि तो ट्रकचा उद्योग. चालत्या जहाजावर वारा सगळीकडून झोडपतो, तिथे फुगा सोडायला शिकायचं तर रायपुरात जहाज आणायचं कुठून? तू भनपुरीला जाऊन एक उघडा ट्रक ठरवलास. चालक भुवन, आपल्याहून वयाने लहान, तुला दीदी म्हणणारा. सिलतऱ्याच्या पुढचा रिकामा रस्ता, सकाळची वेळ, मागे हौद्यात फुगा कवटाळून तू आणि केबिनमध्ये भुवनच्या शेजारी मी. पहिला फुगा हौद्याच्या पत्र्यावर आपटून फुटला. दुसरा सुटला, पण डबी झोका घेऊन तुझ्या तोंडावर बसली. मी मागच्या काचेतून पाहिलं तर तुझा ओठ फाटला होता, कुडता रक्ताने भिजला होता आणि तू केबिनच्या टपावर धपाधप मारत होतीस, अजून जोरात चालव म्हणून. भुवनने आरशात पाहिलं. दीदीच्या तोंडातून रक्त येतंय, गाडी थांबवू का, असं त्याने मला विचारलं. मी हो म्हणायच्या आत तू वरून ओरडलीस आणि तो "हव दीदी" म्हणत गाडी दामटायला लागला.

दुपारपर्यंत तुला ते जमलं. उकिडवं बसायचं, फुग्याची मान जमिनीलगत धरायची, झोताचा जोर क्षणभर कमी झाला की सोडायचं. दंतवैद्याकडे त्या डबीने तुटलेला तुझा दात काढताना मी बाहेरून सुनावलं की एक दिवस तू याच नादात मरशील. तू भांड्यात रक्त थुंकलीस आणि म्हणालीस, "अन् तू का टेबलावर बसून अमर होऊन राहिला बे?"

ते आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं. कारण मी म्हटलं तेच झालं, प्रज्ञा. माझं खरं ठरलेलं हे एकच भाकीत मला नको होतं.

त्या दिवशी दुपारपासून तुमच्या जहाजाजवळ ढगांची काळी भिंत सरकत येत होती. कप्तानाने डेक बंद केला होता. कोणी बाहेर जायचं नाही, हा त्याचा स्पष्ट हुकूम होता. तू त्याच्याशी हुज्जत घातलीस, तो बधला नाही. मग तू फुगा आडोशाला भरून घेतलास, मदतीच्या दोघांना दाराच्या आत ढकलून दार लावायला सांगितलंस आणि एकटी गेलीस. हे सगळं त्या दोघांनीच मला फोनवर सांगितलं, रडत. तू उकिडवी बसलीस, मान धरलीस, झोत ओसरल्यावर सोडलास. सुटला म्हणे, अगदी सरळ. तू वर पाहत उभी राहिलीस आणि जहाज कलंडलं. बाजूने आलेल्या लाटेने तुला उचलून दोरखंड ओढायच्या लोखंडी यंत्रावर फेकलं. डोक्याचं काय झालं ते त्यांनी सांगितलं, मी लिहीत नाही. डॉक्टर धावत येईपर्यंत तू संपली होतीस.

एवढं होत असताना मी इथे पंख्याखाली बसून तुला शिव्या देत होतो. आकडे येत होते. फुगा चढला, आणि ढगाच्या पोटाखाली पोचायच्या आतच घसरायला लागला. मी लगेच संदेश टाकला: फुगा गळका आहे, बंद कर. एरवी तुझं उत्तर दोन शिव्यांसकट चटकन यायचं. आलं नाही. आकडे मात्र थांबेनात, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू यंत्रातली ती सोय मला न विचारता काढून टाकली आहेस. नोकरी घालवतो हिची, असं मी मोठ्याने म्हटलं. आणि तेवढ्यात फुगा वर यायला लागला. आधीपेक्षा जोरात, कोणी खालून लाथ मारावी तसा.

मी खुर्चीतून उठलो. 'थांब, चालू ठेव' असं लिहिलं आणि पाठवलं नाही. आधी तपासू, मग बोलू, अशी माझी सवय. पाठवलं असतं तरी वाचायला तू नव्हतीस, हे मला संध्याकाळी फोन आल्यावर कळलं. फुगा तेव्हाही चढतच होता.

विशाखापट्टणमच्या बंदरावरून तुला गाडीने आणलं. काकूंना, म्हणजे तुझ्या आईला, घरी बसवून मी रायपूरच्या अलीकडे अभनपूरला रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. पाऊस बेभान कोसळत होता. गाडी थांबली, मागचं दार उघडलं आणि मी तुझ्या पायाला हात लावला. तो थंड पाय हातात धरून मी तुला तुझ्या नावाने हाका मारल्या, मग घाण घाण शिव्या दिल्या. गाडीचा चालक खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला.

खारुन नदीच्या काठावर ओली लाकडं पेटेनात. कॉलनीतली माणसं त्रिशरण-पंचशील म्हणत होती आणि काकू नुसत्या धुराकडे पाहत होत्या. एकदा पेटलं ते असं भडकलं की पुढची माणसं मागे सरली. काकू सरल्या नाहीत. त्यांच्या पांढऱ्या पदराला झळ लागायला आली तेव्हा मी त्यांना खेचून मागे आणलं. त्यांनी माझा हात झिडकारला.

घरी आल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. इतर बायका बाहेर होत्या. काकूंनी तुझ्याकडून इतकी वर्षं फुगा, ढग, कात्री सगळं ऐकलेलं. त्यांनी फार काही विचारलं नाही.

"संजय, तू म्हनत होता का ते वारं असं मोजताच येत नाही. माह्या पोरीनं मोजलं का नाही, एवढं मले सांग."

मी म्हटलं, तपासून सांगतो. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या कोणी हे उत्तर दिलं असतं तर त्यांनी त्याला हाकललं असतं, पण मी तपासणारा आहे हे त्यांना ठाऊक होतं. पोरगी गेली होती, आणि ती काहीतरी मिळवून गेली की फुकट गेली, हे आता माझ्या तोंडून त्यांना ऐकायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी बोलावलं. ते उड्डाण यादीतून काढून टाक म्हणाले. हुकूम मोडून सोडलेला फुगा, यंत्राची सोय बंद केलेली, चौकशी बसणार, कशाला गुंता. सोडलाच नाही असं धरू. सोडलाच नाही! मी टेबलाला वळसा घालून गेलो आणि त्यांची कॉलर धरली. शर्टाची दोन बटणं माझ्या हातात आली. शिपायाने आणि आणखी दोघांनी मला ओढून काढलं, त्यात खुर्ची मोडली आणि माझा अंगठा मुरगळला. साहेब धापा टाकत म्हणाले की हे उड्डाण मोजलं तर पुढच्या वर्षी एखादी पोरगी वाहवा मिळवायला बंद डेकवर जाईल, तिच्या आईला तू काय सांगशील? प्रज्ञा, तो प्रश्न मला अजून कापता आलेला नाही. तू त्या दोघांना दाराआड ठेवलंस हे बरं केलंस, पण तुला आत ठेवणारं कोणी नव्हतं. तुला वाऱ्याने मारलं नाही, तुझ्या हट्टाने मारलं. हे मी तुझ्या तोंडावर म्हटलं असतं आणि तू मला बडवलं असतंस.

पण सही माझी लागते. आकडे ठेवायचे की काढायचे हे तपासणारा ठरवतो, साहेब नाही.

मग मी तपासायला बसलो. प्रेमाने नाही. प्रेमाने बसलो असतो तर सगळंच खरं म्हटलं असतं, म्हणून तुझा वैरी होऊन बसलो. डबी बिघडली असेल म्हणून दाब आणि उंची वेगवेगळे तपासले, दोन्हींनी एकच सांगितलं: खाली आला. फुग्यावर बर्फ साचून तो जड झाला असेल म्हणून पाहिलं, तर घसरण इतकी खाली होती की तिथे बर्फाचं नाव नाही. घसरताना हवा एकदम थंड झाली होती आणि वारा उलटा फिरला होता. आणि गळका फुगा खाली आल्यावर पुन्हा आधीपेक्षा जोरात वर जात नाही. हे पोराटोरालाही कळेल. मी सगळ्या वाटांनी तुला खोटं पाडायला गेलो आणि सगळ्या वाटा बंद झाल्या. शेवटी मी कीबोर्ड भिंतीवर आपटला. कळा विखुरल्या, त्या गोळा करताना मी हुंदके देत होतो.

एक तुला आवडणार नाही असंही केलं. उड्डाणाच्या वरच्या भागातले ओलीचे आकडे मी कापले. ओल मोजणारा भाग वर गोठून गेला होता, एकच आकडा शेवटपर्यंत बरळत होता. तुझ्या हातचं शेवटचं होतं ते. पण खोटं ते खोटं. बाकी सगळं, पडणं आणि उसळणं धरून, ठेवलं. शेरा लिहिला: डेक बंद असताना, हुकूम मोडून सोडलेला फुगा, मोजमाप खरं. सही केली. हुकूम मोडल्याचं मी लपवलं नाही, कारण पुढच्या कोणाच्या आईचं मला भय आहे. साहेबांनी फोन केला, मी उचलला नाही.

काल सकाळी काकूंकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. तुझा फोटो ठेवलाय त्याला कोणीतरी तुला मुळीच न आवडणारी झेंडूची माळ घातली आहे. मी उभ्यानेच सांगितलं की काकू, मोजलं तिने. आजवर कोणाला जमलं नव्हतं ते मोजलं. आम्ही इतकी वर्षं जे फेकून देत होतो ते खरं होतं.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि माझ्या मुस्काटात मारली. तुझ्यासारखीच, पूर्ण हात मागे घेऊन. मग दुसरी. तिसऱ्यासाठी हात उचलला आणि तो तसाच माझ्या शर्टाला धरून राहिला.

"हे तिले सांगाचं होतं ना बे," त्या म्हणाल्या. "मले काहून सांगून राहिला?"

त्या माझ्या छातीवर डोकं आपटत राहिल्या आणि मी भिंतीला टेकून उभा राहिलो. कितीतरी वेळाने त्यांनी डोळे पुसले, सूप पुन्हा ओढलं आणि मला जा म्हणाल्या.

घरी येऊन हे लिहायला बसलो. तुला कोणी वाचून दाखवणार नाही, माहीत आहे. तरी काकूंनी सांगितलं ते करतो. इतकी वर्षं तू हे माझ्या तोंडून काढायला धडपडलीस, त्यासाठी पेले फोडलेस, दात तोडून घेतलास, आणि मी एकदाही म्हटलं नाही.

तू बरोबर होतीस, प्रज्ञा.